वेब ॲप्लिकेशनमध्ये नवी खिडकी उघडणे आणि मॉड्यूल जोडणे : साखर कारखान्याच्या प्रणालीतील तीन अडचणी

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. मी एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात काम करतो. आमच्या प्रणालीची तीन मॉड्यूल आहेत. शेतकी मॉड्यूलमध्ये ऊस नोंद आणि तोडणी कार्यक्रम असतो, काटा मॉड्यूलमध्ये प्रत्येक खेपेच्या भरलेल्या आणि रिकाम्या वाहनाचे वजन नोंदले जाते, आणि हिशेब मॉड्यूल या दोहोंवरून पंधरवड्याची ऊस बिले तयार करते. ही तिन्ही मॉड्यूल वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली असून एकाच सर्व्हरवर तीन स्वतंत्र टॉमकॅटमध्ये (टॉमकॅट म्हणजे जावा वेब ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर प्रोग्राम) ८०८०, ८०८१ आणि ८०८२ या पोर्टांवर, म्हणजे सर्व्हरच्या तीन वेगळ्या क्रमांकांच्या दारांवर, चालतात. एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात जाण्यासाठी आजवर नवी खिडकी उघडणे हा एकच मार्ग वापरला गेला आहे आणि आता त्यात तीन अडचणी येत आहेत.

पहिली अडचण सभासद शोधाची आहे. इंटरनेट एक्सप्लोरर वापरात होता तोवर शोमोडलडायलॉग या आज्ञेने शोधाची खिडकी उघडत असे, कर्मचारी सभासद निवडत असे आणि निवडलेला कोड पुढच्या ओळीत आपोआप हाती येत असे. क्रोमवर आल्यानंतर आम्ही त्या जागी विंडो.ओपन ही नवी खिडकी उघडणारी आज्ञा लिहिली, परंतु आता सभासद निवडण्यापूर्वीच पुढच्या ओळी चालून जातात आणि कोडाची जागा रिकामी राहते.

दुसरी अडचण अशी की ऊस नोंदीच्या पडद्यावर ‘या प्लॉटच्या खेपा’ असे बटण आहे. ते दाबल्यावर आधी सर्व्हरकडून खेपांची यादी मागवली जाते, नंतर काटा मॉड्यूलची खिडकी आणि तिच्यासोबत हिशेबाचीही खिडकी उघडणे अपेक्षित आहे. मुख्य कार्यालयात काट्याची खिडकी उघडते, हिशेबाची उघडत नाही. गट कार्यालयांतून तर पुष्कळदा एकही उघडत नाही. शिवाय काट्याची खिडकी उघडून शेतकीच्या पडद्यावर परत आले की तो पडदा पुन्हा लॉगिन मागतो.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. मागील हंगामात एका शेतकऱ्याची खेप चुकून त्याच्या भावाच्या कोडवर पडली होती. काटा विभागाने ती चूक त्याच दिवशी दुरुस्त केली. तथापि हिशेब विभागातील कर्मचाऱ्याच्या पडद्यावर सकाळी उघडलेली यादीच होती आणि बिल त्या जुन्या यादीवरून तयार झाले. रक्कम बँकेत जाण्यापूर्वी तपासणीत ते लक्षात आले, म्हणून निभावले. ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दराची रक्कम देणे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार बंधनकारक आहे, त्यामुळे चुकीचे बिल मागे घेऊन नवे काढण्यास आमच्याकडे फारसा अवकाश नसतो. खिडक्या एकमेकींना कळवत नाहीत, हे या चुकीचे मूळ आहे असे मला वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : ब्राउझरवाचक

दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण आपण गट कार्यालयाचा उल्लेख केला नसता तर तिचे कारण इतक्या लवकर सापडले नसते.

वापरकर्त्याने स्वतः काही केले, म्हणजे बटण किंवा कळ दाबली, तरच ब्राउझर नवी खिडकी उघडू देतो. ही परवानगी कायमची नसते. क्रोममध्ये तिची मुदत साधारण ५ सेकंदांची आहे, आणि एक खिडकी उघडली की ती खर्ची पडते. आपल्या बटणाचा क्रम आधी सर्व्हरला विचारणे आणि मग खिडकी उघडणे असा आहे. कारखान्याच्या आवारातील नेटवर्कवर उत्तर क्षणात येते, म्हणून पहिली खिडकी उघडते आणि परवानगी तिच्यात संपल्यामुळे दुसरी अडते. गट कार्यालयाची जोडणी मंद असल्याने उत्तर येईपर्यंत मुदतच उलटून गेलेली असते आणि पहिलीही अडते. अशा वेळी विंडो.ओपनकडून खिडकीऐवजी ‘नल’ हे मूल्य परत येते. आपल्या कोडमध्ये त्याची तपासणी नसावी, अन्यथा वापरकर्त्याला निदान सूचना तरी दिसली असती.

यावर प्रचलित उपाय असा आहे की बटण दाबताक्षणीच रिकामी खिडकी उघडावी, तिच्यात ‘माहिती येत आहे’ असे दाखवावे आणि सर्व्हरचे उत्तर आल्यावर तिला खरा पत्ता द्यावा. उत्तर आलेच नाही तर ती बंद करावी. पण माझ्या मते आपल्याला याचीही गरज नाही. खेपांची यादी शेतकी मॉड्यूलने आधी मागवण्याचे कारण काय? प्लॉट क्रमांक पत्त्यातच लिहावा आणि यादी काटा मॉड्यूलने स्वतः आणावी. तसे केल्यास बटणाऐवजी साधी लिंक पुरते, स्क्रिप्ट लागत नाही, पॉपअप अडवले जाण्याचा प्रश्न उरत नाही आणि कर्मचाऱ्याला तोच पत्ता सहकाऱ्याला पाठवताही येतो. हिशेबाची खिडकी त्याच दाबण्यात उघडण्याचा आग्रह सोडावा आणि तिची लिंक काट्याच्या पडद्यावर ठेवावी. प्रत्येक संगणकावर पॉपअप अडवणे बंद करत फिरण्याचा मार्ग मात्र कृपया टाळावा, कारण ती सूट त्या संगणकावरील त्या ब्राउझरपुरती आणि त्या पत्त्यापुरतीच असते आणि नवा संगणक आला की तेच काम पुन्हा करावे लागते.

लिंकला किंवा विंडो.ओपनला खिडकीचे नाव देता येते. तेच नाव पुन्हा दिले की आधीची खिडकी वापरली जाते आणि खिडक्यांचा ढीग साचत नाही. ही सोय पाहण्याच्या पडद्यांसाठी उत्तम आहे. ज्या पडद्यावर नोंद केली जाते त्याला असे सामायिक नाव देऊ नये, कारण दुसऱ्या प्लॉटसाठी बटण दाबताच त्या खिडकीतील अर्धवट भरलेली नोंद जाऊन तिथे नवे पान येते.

आता सभासद शोध. शोमोडलडायलॉग ही आज्ञा मागची संपूर्ण स्क्रिप्ट थांबवून ठेवत असे. तेच तिचे आकर्षण होते आणि ती काढून टाकण्यामागेही तेच एक मोठे कारण होते. क्रोमने २०१४ मध्ये ३७ व्या आवृत्तीपासून तिला रजा दिली. तिच्या जागी आता डायलॉग हा एचटीएमएलचा घटक वापरावा. मार्च २०२२ पासून तो सर्व प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध आहे. शोमोडल या पद्धतीने तो उघडला की मागचा पडदा निष्क्रिय होतो, कीबोर्डचा रोख आत राहतो आणि एस्केप कळीने तो बंद होतो. मात्र तो स्क्रिप्ट थांबवत नाही. त्यामुळे ‘सभासद निवडल्यानंतर’ घडायच्या ओळी तुम्हाला डायलॉग बंद झाल्याच्या घटनेत हलवाव्या लागतील, किंवा शोधाचे फंक्शन प्रॉमिस (उत्तर नंतर मिळेल असे सांगणारे मूल्य) परत देणारे करून त्याच्यापुढे अवेट (ते उत्तर येईपर्यंत पुढच्या ओळी रोखणारा शब्द) लिहावे लागेल. दुसऱ्या पद्धतीत जुन्या कोडची वाचणी जवळपास पूर्वीसारखीच राहते, म्हणून मी तीच सुचवीन. महत्त्वाची गोष्ट अशी की शोध आता त्याच पानात होईल, आणि त्यामुळे इथे दोन खिडक्यांमध्ये दुवा राखण्याचे कामच उरणार नाही.

एजमधील इंटरनेट एक्सप्लोरर मोड वापरून जुना कोड तसाच चालवण्याचा सल्ला आपल्याला कोणी देईल. मायक्रोसॉफ्टने तो किमान २०२९ पर्यंत चालू ठेवण्याचे सांगितले आहे हे खरे, परंतु पुढच्या प्रत्येक नव्या पडद्यालाही तोच जुना ब्राउझर गृहीत धरावा लागेल.

उत्तर : सर्व्हरखोली

पुन्हा लॉगिन मागितले जाण्याचा खिडकीशी काहीही संबंध नाही, तो कुकीचा, म्हणजे सर्व्हरने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखचिठ्ठीचा, दोष आहे.

ब्राउझरच्या दृष्टीने पानाचे मूळ तीन गोष्टींवरून ठरते : प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट. म्हणून ८०८० वरील शेतकी आणि ८०८१ वरील काटा ही दोन वेगळी मुळे आहेत आणि एका खिडकीतील स्क्रिप्ट दुसरीच्या आत हात घालू शकत नाही. कुकी मात्र पोर्ट पाहत नाही. टॉमकॅट आपल्या सत्राची, म्हणजे लॉगिन टिकवणारी, कुकी जेसेशनआयडी या नावाने ठेवतो आणि तिचा मार्ग त्या ॲप्लिकेशनच्या मार्गाइतकाच असतो. तिन्ही मॉड्यूल रूट म्हणून, म्हणजे पत्त्यात वेगळा मार्ग न देता, बसवलेली असतील तर तिघांच्याही कुकीचे नाव एक, होस्ट एक आणि मार्गही एक होतो. मग काटा उघडताच त्याची कुकी शेतकीच्या कुकीवर लिहिली जाते आणि शेतकीला आपल्या वापरकर्त्याची ओळख पटत नाही. ब्राउझरच्या विकसक साधनांत कुकींची यादी उघडी ठेवून ते बटण दाबावे. मूल्य बदलताना डोळ्यांसमोर दिसेल.

तातडीचा उपाय म्हणजे प्रत्येक टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ॲप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये, सेशनकुकीनेम हा गुणधर्म वेगवेगळा ठेवणे. एक ओळ बदलून पुन्हा सुरू केले की काम होते.

टिकाऊ उपाय म्हणजे पुढे एनजिनेक्स हा आलेल्या विनंत्या वाटून देणारा सर्व्हर बसवून एकाच पत्त्याखाली शेतकी, काटा आणि हिशेब असे तीन मार्ग करणे आणि टॉमकॅटमध्येही ती मॉड्यूल त्याच नावांच्या मार्गांवर बसवणे. आतले आणि बाहेरचे मार्ग एकच ठेवले की पुनर्निर्देशन आणि कुकींचे मार्ग बदलत बसावे लागत नाहीत. तिन्ही मॉड्यूलचे मूळ एक झाल्यामुळे खिडक्यांना एकमेकींशी बोलताही येते. पण मूळ एक होण्याची किंमतही समजून घ्यावी. लोकलस्टोरेज, म्हणजे ब्राउझरमधील साठवण, तिघांत सामायिक होते, म्हणून प्रत्येक नोंदीच्या नावाआधी मॉड्यूलचे नाव लावावे. त्याहून मोठी गोष्ट अशी की एका मॉड्यूलमध्ये परकी स्क्रिप्ट घुसण्याची फट असेल तर ती तिन्ही मॉड्यूलची फट ठरते. बँकेला जाणारी रकमांची यादी जिथे तयार होते तो भाग मी वेगळ्या होस्टवरच ठेवला असता.

आणखी एक विनंती. एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात जाताना सत्राचा क्रमांक किंवा पासवर्ड पत्त्यात कधीही लिहू नये. पत्ता ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या नोंदवहीत राहतो. लॉगिन पुढे न्यायचेच असेल तर एकदाच चालणारे, मिनिटभरात बाद होणारे तिकीट सर्व्हरने द्यावे आणि दुसऱ्या मॉड्यूलने ते सर्व्हरकडूनच पडताळून घ्यावे.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. तिन्ही कुकींची नावे वेगळी केल्यावर लॉगिनची तक्रार त्याच दिवशी थांबली. बटणाच्या जागी लिंक ठेवल्यापासून गट कार्यालयांतूनही काट्याचा पडदा उघडतो आहे. चाचणीच्या सर्व्हरवर एनजिनेक्सखाली तिन्ही मॉड्यूल एका पत्त्यावर आणली आहेत.

तिसरी अडचण अजून तशीच आहे. आमच्या जुन्या कोडमध्ये काट्याची खिडकी ओपनरमार्फत, म्हणजे तिला उघडणाऱ्या खिडकीच्या दुव्यामार्फत, हिशेबाच्या पडद्यावरील ‘यादी ताजी करा’ हे फंक्शन बोलावते. पूर्वी पोर्ट वेगळे असल्यामुळे तिथे त्रुटी येत असे. आता चाचणीत ते चालते, पण काट्याची खिडकी हिशेबातून उघडली असेल तरच. कर्मचाऱ्याने ती स्वतंत्रपणे उघडली असेल, किंवा हिशेबाच्या खिडकीत मधल्या काळात दुसरे पान आले असेल, तर ते फंक्शन सापडत नाही. पोस्टमेसेज ही एका खिडकीतून दुसरीला निरोप पाठवण्याची सोय वापरल्यास हे सुटेल का?

उत्तर : नोंदवही

पोस्टमेसेजने हे सुटणार नाही. ओपनर कोणत्या खिडकीने कोणती खिडकी उघडली एवढेच सांगतो. तुम्हाला हवे आहे ते, ही खेप आत्ता कोणाकोणाच्या पडद्यावर आहे, हे. या दोन नात्यांचा एकमेकांशी संबंध नाही आणि एकावरून दुसरे काढण्याचा प्रयत्न केल्यामुळे तो कोड कधी चालतो आणि कधी चालत नाही.

एका मुळाच्या खिडक्यांसाठी ब्रॉडकास्टचॅनल ही सोय आहे. एका खिडकीने ‘खेप क्रमांक अमुक बदलली’ असे सांगितले की त्या नावाची वाहिनी उघडून बसलेल्या बाकीच्या सर्व खिडक्यांना ते कळते, कोणी कोणाला उघडले याला महत्त्व राहत नाही. सफारीतही ती १५.४ या आवृत्तीपासून आहे. पण ती वापरण्यापूर्वी तुमच्या कारखान्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. काट्याचा संगणक काटाघरात आहे आणि हिशेबाचा मुख्य कार्यालयात. ब्रॉडकास्टचॅनल, लोकलस्टोरेज बदलल्याची घटना, ओपनर आणि पोस्टमेसेज ही सर्व साधने एकाच संगणकावरील एकाच ब्राउझरच्या आत काम करतात. तुमच्या शेतकऱ्याची खेप दुरुस्त झाली ती काटाघरातील संगणकावर, त्यामुळे हिशेबाच्या संगणकाला ती यांपैकी कोणत्याही मार्गाने कळली नसती.

म्हणून मी प्रश्नाची मांडणीच बदलण्याची विनंती करीन. पडदा जुना राहणे हा दोष नाही, तो कधी ना कधी जुना राहणारच. जुन्या पडद्यावरून बिल कायम होऊ शकते, हा दोष आहे, आणि तो सर्व्हरवर दुरुस्त करायचा आहे. प्रत्येक खेपेच्या नोंदीला आवृत्ती क्रमांक ठेवा आणि नोंद बदलली की तो एकने वाढू द्या. हिशेबाच्या पडद्याने यादी आणताना हे क्रमांकही आणावेत आणि बिल कायम करताना ते परत पाठवावेत. सर्व्हरने त्याच व्यवहारात, म्हणजे बिल नोंदवण्याच्या एकाच अखंड कृतीत, ते ताडून पाहावेत आणि एकही जुळला नाही तर बिल नाकारून कोणती खेप कोणत्या कोडवरून कोणत्या कोडवर गेली ते दाखवावे. भावाच्या कोडवरची खेप यादीतून निघून गेली असेल तर तीही बदल म्हणून धरावी आणि शेतकऱ्याच्या नावावर नव्याने आलेली खेपही धरावी. केवळ पाठवलेल्या ओळी तपासल्या तर नव्याने आलेली ओळ निसटते. त्यासाठी त्या सभासदाच्या त्या पंधरवड्याच्या खेपांची संख्या आणि एकूण वजनही ताडावे. ही तपासणी असेल तर सर्व खिडक्या मुक्या राहिल्या तरी चुकीचे बिल निघणार नाही.

एवढे झाल्यावर पडदा ताजा ठेवणे हा सोयीचा भाग उरतो. त्यासाठी सर्वांत स्वस्त युक्ती अशी की खिडकी पुन्हा पुढे आल्याची, म्हणजे व्हिजिबिलिटीचेंजची, घटना घडताच यादी नव्याने आणावी. दिवसभर खिडकी पुढेच उघडी ठेवणाऱ्यांसाठी दर अर्ध्या मिनिटाने केवळ ‘काही बदलले का’ एवढे विचारावे. सर्व्हरकडून घटना ढकलण्याची सोय, अर्थात सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, अधिक देखणी आहे, पण तुमच्याकडे एकेक कर्मचारी अनेक खिडक्या उघडतो. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका पत्त्याकडे एका वेळी सहाच जोडण्या ठेवतो आणि अशी प्रत्येक खिडकी त्यातली एक अडवून बसते, त्यामुळे सातवी खिडकी नुसती फिरत राहते. ती पद्धत घ्यायची तर एनजिनेक्सवर आधी एचटीटीपी २ सुरू करावे लागेल.

कोणत्याही मार्गाने निरोप पाठवला तरी त्यात खेप क्रमांकच असावा, वजन किंवा रक्कम नसावी. निरोप मिळालेल्या खिडकीने आकडा सर्व्हरकडूनच वाचावा. निरोप उशिरा आला, दोनदा आला किंवा हरवला तरी अशा वेळी आकडा चुकत नाही.

पोस्टमेसेजचा तुमच्या प्रणालीत एक रास्त उपयोग आहे. बँक यादीचा भाग वेगळ्या होस्टवर ठेवलात तर त्याच्या खिडकीशी बोलायला तो लागेल. तिथे पाठवताना समोरचा पत्ता नेमका लिहावा, तारांकन लिहू नये, आणि घेताना आलेल्या निरोपाचे मूळ तपासल्याशिवाय आतला मजकूर वापरू नये. बाहेरच्या संकेतस्थळांच्या खिडक्या उघडताना मात्र ओपनर तोडावा, कारण तो राहिला तर बाहेरचे पान तुमच्या मूळ खिडकीचा पत्ता बदलून तिथे खोटे लॉगिन पान आणू शकते. नव्या टॅबमध्ये उघडणाऱ्या लिंकसाठी क्रोम २०२१ पासून, ८८ व्या आवृत्तीपासून, हे आपोआप करतो. विंडो.ओपन आपोआप करत नाही, तिथे नोओपनर लिहावे लागते. ते लिहिले की यश आले तरी ‘नल’च परत येते, म्हणून खिडकी अडवली गेली का याची वर सांगितलेली तपासणी तिथे लावू नये. खिडकीचे नाव देऊन तीच पुन्हा वापरण्याची सोयही नोओपनरसोबत चालत नाही.

उत्तर : काटाघर

मी दुसऱ्या एका कारखान्यात काट्याची प्रणाली सांभाळतो. आमच्याकडे वजन झाल्यावर पावती छापण्यासाठी नवी खिडकी उघडत असे. हंगामात रात्री वाहनांची रांग लागलेली असते, काट्यावरचा कर्मचारी पडद्याकडे न पाहता कीबोर्डवर काम करतो, आणि छपाईची खिडकी पुढे येऊन रोख स्वतःकडे घेत असल्यामुळे पुढच्या वाहनाचा क्रमांक तिच्यात टंकला जाऊन वाया जात असे. आम्ही ती खिडकी काढून टाकली. पावती आता त्याच पानातील न दिसणाऱ्या आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या पानात, तयार होते आणि तिथूनच छापली जाते. काट्याच्या संगणकावर क्रोम किऑस्क-प्रिंटिंगच्या पर्यायासह सुरू केल्याने छपाईची विचारणाही येत नाही आणि पावती थेट डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर जाते. छपाई झाल्यावर रोख वाहन क्रमांकाच्या जागेवर आणण्याची एक ओळ तेवढी आठवणीने लिहावी.

कृष्णाकाठ

काटाघर आणि हिशेब वेगळ्या संगणकांवर आहेत ही गोष्ट मी रोज पाहतो, तरीही ती या प्रश्नाशी जोडली नव्हती. ‘नोंदवही’ यांचे त्यासाठी विशेष आभार.

खेपेच्या तक्त्यात आवृत्ती क्रमांकाचा स्तंभ घातला आहे आणि बिल कायम करण्याच्या व्यवहारात क्रमांक, खेपांची संख्या व एकूण वजन ही तिन्ही तपासली जातात. चाचणीत मागील हंगामातील तोच प्रसंग पुन्हा घडवून पाहिला : एका संगणकावर यादी उघडी ठेवली, दुसऱ्यावरून खेप भावाच्या कोडवरून काढून शेतकऱ्याच्या कोडवर टाकली आणि मग दोघांचीही बिले कायम करण्याचा प्रयत्न केला. दोन्ही बिले नाकारली गेली आणि बदललेली खेप दोन्ही ठिकाणी लाल रंगात दिसली. ओपनर वापरणाऱ्या ओळी हिशेब आणि काटा मॉड्यूलमधून काढून टाकल्या आहेत. शेतकी मॉड्यूलमध्ये अशा आणखी ११ जागा आहेत, त्या गळीत हंगाम संपल्यावर हाती घेईन. बँक यादी वेगळ्या होस्टवर नेण्याबाबत लेखा विभागाशी बोलणे सुरू आहे, तिथे काही अडले तर याच धाग्यात लिहीन.